अम्माच्या गुलाबाचा पहिला उन्हाळा

शारजात गुलाब जगत नाही, असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारते, कुणाच्या हातचा? आमच्या अल नहदातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत आज माझे वेल कठड्यावरून चढून एसीच्या पत्र्यापर्यंत गेले आहेत. खालचा वॉचमन पाकळ्या झाडताना कुरकुरतो, पण कुरकुरता कुरकुरता एखादं फूल खिशाला लावतो. टॉवरमधल्या बायका मोबाइलवर पानांचे फोटो पाठवून विचारतात, आंटी, हे काय झालं? मी बघून सांगते आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते. यात नम्रता दाखवायचं मला काही कारण दिसत नाही. गुलाब मला कळतो, आणि तो मला एकाच उन्हाळ्यात कळला. त्या उन्हाळ्याला आता इतकी वर्षं झाली, की तो भोगलेल्या आम्हा चौघांपैकी आज दोघंच उरलो आहोत, मी आणि माझा भाऊ साजिद. साजिदला विचाराल तर तो म्हणेल, झाड तेव्हाच मेलं होतं. म्हणून मीच लिहिलेलं बरं.

तेव्हा आम्ही शारजाच्या मासळीबाजारामागच्या गल्लीत एका जुन्या बैठ्या घरात राहत होतो. दोन खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर आणि उंच भिंतीच्या आत एक वाळूचं अंगण. अब्बा मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर होते. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते एकटेच दुबईच्या करामा भागातल्या एका खोलीत बंक बेडवर वरच्या मजल्याला झोपले, गावी पैसे पाठवत राहिले, आणि मग फॅमिली व्हिसा झाला तेव्हा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून अम्मा, मी आणि कडेवरचा साजिद इथं आलो. त्या खोलीबद्दल अब्बा फारसं बोलत नसत. फक्त कधी रात्री पंख्याखाली झोपायची वेळ आली, तर ते छताकडे बघून म्हणत, 'इथं छत किती लांब आहे, नाही?'

दिवसाची सुरुवात खिडकीतल्या एसीच्या घरघरीवर पाण्याच्या मोटरीचा आवाज चढला की होई. दुपारी अब्बा व्हॅन घेऊन जेवायला येत. अंगावर बर्फाचा आणि मासळीचा वास असे, तो साबणानं जात नसे आणि आम्हाला जाणवतही नसे. अम्माच्या तांदळाच्या भाकऱ्या तोपर्यंत फडक्यात गुंडाळलेल्या असायच्या. नारळाच्या दुधातलं कालवण, त्यात तिरफळं, बाजूला सुकटाची चटणी. हामूर नावाच्या इथल्या नामांकित माशाला अम्मानं कधी मान दिला नाही. 'त्येला चव नाय, नुसता भाव हाय,' असं ती म्हणायची, आणि अब्बा तिच्यासाठी शोधून शोधून बांगडे आणायचे. जेवण झालं की सगळं घर आडवं व्हायचं. चार वाजता अब्बा उठून ड्युटीवर परत जात. तेव्हा आम्ही झोपेतच असू.

घरात एक कायदा होता. काहीही कायमचं करायचं नाही. भिंतीला खिळा मारायचा नाही, जड फर्निचर घ्यायचं नाही, पडदे शिवायचे ते गावच्या घराच्या खिडक्यांच्या मापानं. कपाटावर मोठ्या बॅगा, आणि बॅगांवर टीव्हीचं रिकामं खोकं, आतल्या थर्माकोलसकट. 'परत जाताना लागेल,' अब्बा म्हणायचे. आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात असं एक खोकं होतं. पाहुणे आले की त्यांची नजर आधी कपाटावर जायची, आणि खोकं जागेवर दिसलं की त्यांना आमच्याबद्दल बरं वाटायचं. माणसं शहाणी आहेत, पाय जमिनीवर आहेत, असं. पाय जमिनीवर होते की नव्हते हाच तर खरा प्रश्न होता, पण तो तेव्हा कुणी विचारत नसे.

थंडीतल्या एका शुक्रवारी आम्ही रस्त्याकडेच्या नर्सरीत गेलो. अम्माला गुलाब हवा होता. आमच्या गावच्या अंगणात होता तसा गावठी, फिक्कट गुलाबी, पाकळ्या ढिल्या पण वास घरभर. नर्सरीवाला तसल्या झाडाकडे ढुंकूनही बघेना. त्यानं हॉलंडहून आलेला एक वेल पुढे केला. गडद लाल फुलांचा, आणि फांदीला एक चित्राची पट्टी बांधलेली. चित्रात छपरावर बर्फ साचलेलं घर, आणि बाजूला उन्हाळ्यातलं तेच घर, वेलानं झाकलेलं. 'साब, ये बरफ में भी नहीं मरता,' तो म्हणाला. बस. अब्बांचा पतंग तिथंच कटला. ज्या माणसाचा जन्म उणे अठरा अंशांचे दरवाजे उघडण्या-लावण्यात गेला, त्याच्या लेखी थंडीत टिकतं तेच खरं.

'अब्बा, इथं बर्फ पडतो कुठं?' मी विचारलं.

'मजबूत तो मजबूत, जुबी. जो माल मायनसमध्ये टिकतो, तो उन्हाला काय घाबरणार?'

आजही लोक हीच गफलत करतात. झाड कणखर आहे एवढं ऐकतात, आणि कशापुढे कणखर ते विचारत नाहीत. थंड मुलखात गुलाबाला हिवाळा मारतो, म्हणून तिथले लोक त्याला हिवाळ्यात गुंडाळून ठेवतात, बुंध्याशी माती चढवतात, आणि त्यातून जगेल असं वाण निवडतात. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे गुलाबाची चंगळ. इथं त्याला मारतो तो जून, जुलै आणि ऑगस्ट, आणि त्याबद्दल त्या पट्टीवर एक अक्षरही नसतं. अम्मानं गावठी गुलाबाकडे एकदा बघून घेतलं, एवढंच. नवरा आपण होऊन झाड घेऊन देतोय म्हटल्यावर रंगावरून कोण भांडेल?

गुलाब कुंडीत राहील असं ठरलं होतं. कुंडी म्हणजे परत जाताना शेजाऱ्याला देता येते. पण दुसऱ्याच दिवशी अब्बा ड्युटीवर गेले आणि अम्मानं अंगणातल्या मावळतीच्या भिंतीच्या आतल्या बाजूला खड्डा खणला. वाळू उपसली, शेणखताची पिशवी ओतली, आणि झाड जमिनीत लावलं. जागा तिनं नेमकी निवडली होती. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपार टळली की भिंतीची सावली येईल. भिंतीला खेटून लावलं नाही, हातभर अंतर सोडलं, कारण इथल्या भिंती तापल्या की तव्यासारख्या भाजतात. अब्बांनी संध्याकाळी ते बघितलं.

'जमिनीत कशाला? हे काय आपलं घर आहे?'

'वेल हाय. कुंडीत चढंल कसा?' अम्मा म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

वेल चढला. मार्चपर्यंत भिंतीच्या वर डोकं काढून गल्लीत बघायला लागला. शुक्रवारी जुम्म्याहून परतणारी माणसं थांबून बघायची. त्याच सुमारास माझं शाळेचं शेवटचं वर्ष संपलं, आणि अब्बांनी जेवताना जाहीर केलं की आता रिवाजाप्रमाणे फॅमिलीनं परत जायचं. मुलीचं पुढचं शिक्षण गावी, साजिदची शाळा गावी, गावचं घर निम्मं बांधून पडलंय त्याच्यावर नजर राहील. ते स्वतः करामाला परत बेडस्पेस, म्हणजे खोलीतला भाड्याचा एक बेड, बघतील. सगळे असंच करत होते. मला मात्र इथं शिकायचं होतं, आणि त्याहूनही, आम्ही चौघं एका छताखाली राहायला हवे होतो. मी तोंड उघडणार एवढ्यात अम्मा बोलली. तिचा आवाज चढलाबिढला नव्हता.

'तुमी म्हणता हितं काय रुजत नाय. ह्यो गुलाब रुजला तर?'

'उन्हाळा येऊ दे. मग कळेल.'

'बरं. उन्हाळ्यात झाड राहिलं तर आमी राहनार. मेलं तर मी बॅग भरते, परत शब्द नाय काढनार.'

अब्बा हसले आणि 'इन्शाल्ला' म्हणाले. इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, हे आमच्या घरात सुरावरून ओळखावं लागे, आणि त्या दिवशी सूर लागलाच नाही. पण अम्मा शब्दाची पक्की होती. अब्बांना ते माहीत होतं आणि मलाही, म्हणून मी त्या झाडाचा ताबा घेतला. आमचं चौघांचं घर त्या एका बुंध्यावर उभं होतं, आणि ते पडू देण्याचा माझा इरादा नव्हता.

दर वर्षी उन्हाळ्यात गावी जायचो, त्या वर्षी गेलो नाही. मे सरला आणि हवा भट्टीच्या तोंडासारखी झाली. उन्हाळ्यात इथं नळाला उकळतं पाणी येतं, कारण गच्चीवरची टाकी तापते. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो. त्यात साठलेलं पाणी घरातल्या गारव्यानं निवतं, आणि गरम पाण्याच्या नळातून थंड पाणी मिळतं. नव्या माणसाला हे उलटं गणित कळायला एक उन्हाळा जातो. ते गीझरचं पाणी आम्ही आंघोळीला कमी आणि गुलाबाला जास्त वापरलं. फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजनंतर मी बादल्या ओतायची, ऊन वर यायच्या आत. वेल मान टाकायचा, पण पहाटे परत ताठ व्हायचा. जून असा पार पडला आणि मला वाटलं, जिंकलो.

जुलैत पानांच्या कडा करपायला लागल्या. उन्हानं पान करपतं ते वरच्या बाजूला, उन्हात असलेलं. इथं सावलीतली खालची पानंसुद्धा कडेकडेनं तपकिरी होत होती. मी पाणी वाढवलं, काही फरक पडेना. आणि मांजरं यायला लागली. गल्लीतली झाडून सगळी मांजरं दुपारनंतर आमच्या गुलाबाभोवती बसलेली असत. अम्मा उठली की खराटा घेऊन त्यांच्यामागे धावायची. साजिद तेव्हा लहान होता आणि शाळेतलं इंग्रजी घरात आणायचा. तो दारात उभा राहून म्हणायचा, 'अम्मा, कॅट्स लव्ह युवर रोझ!'

एका पहाटे पाणी घालताना मला बुंध्याभोवती पांढरी साय धरलेली दिसली. बोट ओलं करून टेकवलं आणि जिभेला लावलं. खारट. आमच्या नळाचं पाणी इतकं खारट कधीच नव्हतं. त्या दुपारी मी डोळे मिटून पडले, पण झोपले नाही. चारच्या सुमाराला अब्बा उठले, चपला हातात घेऊन बाहेर गेले. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. त्यांनी व्हॅनमधून मासळीचं प्लास्टिकचं क्रेट काढलं आणि त्यातला बर्फाचा चुरा ओंजळी भरभरून गुलाबाच्या मुळाशी रचायला लागले. बाळाला पांघरूण घालावं तसा दाबून, नीट. मांजरं चौफेर आदबीनं बसली होती.

मी बाहेर गेले. अब्बा दचकले, आणि क्रेट पाठीमागे लपवायला गेले. त्यांच्यासारख्या उंच माणसानं एवढं मोठं क्रेट पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, हे आठवून मला आजही हसू येतं.

'अब्बा, हा बर्फ मासळीचा आहे?'

'मग काय झालं? बर्फ म्हणजे पाणीच ना. हे थंडीचं झाड आहे, जुबी. नर्सरीवाला म्हणाला नाय? त्याला टेम्परेचर पायजे. बिचारं भाजतंय.'

'आणि मीठ?'

मासळी जास्त वेळ टिकावी म्हणून बर्फात खडेमीठ मिसळायचं, हे त्यांनी स्वतः शेकडो पोरांना शिकवलं होतं. इतकी वर्षं हाताखालून गेलेलं मीठ त्यांना दिसेनासं झालं होतं. त्यांनी एक खडा उचलला, चाखला आणि पायरीवर बसले.

'मी मारलं गो त्याला.'

'पण तुम्हाला तर ते मरायला हवं होतं ना? आम्हाला पाठवायचं होतं ना?'

अब्बांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बर्फानं ते लाल झाले होते. 'सगळे पाठवतात म्हणून मीपण बोललो. लोक विचारतात, फॅमिली अजून इथंच? पण जुबी, त्या खोलीत परत जायचं माझ्या जिवावर येतं. वरच्या बेडवर उठून बसता येत नाही. डोकं लागतं. इतकी वर्षं मी आडवा पडूनच जेवलो, आडवा पडूनच तुमचे फोटो बघितले.' मग ते उठले. 'अम्माला सांगू नको. झाड वाचतं का बघ.'

मी अम्माला एवढंच सांगितलं की मातीत मीठ उतरलंय. कुठून, म्हणाली. मासळीबाजार जवळ आहे, मी म्हणाले. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि बादली उचलली.

मीठ उपसून काढता येत नाही. गोडं पाणी ओतत राहायचं, म्हणजे ते मुळांच्या खाली उतरून जातं. आमच्या वाळूचा तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला, पाणी झरझर खाली जायचं. गीझर रिकामा व्हायचा, भरायचा, परत रिकामा. मी वेल कात्रीनं गुडघ्याएवढा छाटला, तेव्हा अम्मानं तोंड फिरवलं. मग तिनं तिच्या माहितीतला उपाय काढला. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे माडाच्या झावळ्या विणून झाप करतात आणि पडवीला बांधतात, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. रस्त्याकडेच्या खजुरांची छाटणी झाली होती. आम्ही फांद्या ओढून आणल्या. खजुराचं पान माडाइतकं मऊ नसतं, टोकं बोटांत घुसतात, पण अम्मानं रक्त चोखत चोखत दोन झाप विणले आणि गुलाबाच्या दोन्ही अंगांना उभे केले. पाऊस अडवायची चीज आम्ही उन्हाला अडवायला लावली. आजही माझ्या बाल्कनीत उन्हाळ्यात झापच असतो. हिरवी जाळी विकत मिळते, पण ती गरम वाऱ्यानं तापते.

एवढं करूनही काड्या वरून खाली काळ्या पडत गेल्या. ऑगस्ट संपेपर्यंत हिरवं म्हणावं असं काही उरलं नाही. साजिद म्हणाला, 'इट्स डेड, अम्मा,' आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. अम्मानं कपाटावरून बॅगा काढल्या. रडली नाही, कुरबुर नाही. माझे हिवाळ्याचे कपडे खाली, तिची भांडी टॉवेलांत गुंडाळून मधे. अब्बा दारातून ते बघायचे आणि पाणी न पिताच बाहेर जायचे. मी मात्र बादल्या ओतायचं थांबवलं नाही. मला खात्री होती म्हणून नव्हे. मला सोडून देता येत नव्हतं, एवढंच.

सप्टेंबरात, सकाळी झाप बाजूला केला तर बुंध्याशी, जवळजवळ मातीच्या आतून, एक तांबूस कोंब वर आला होता. दोन दिवसांत त्याला पानं आली. पण ती पानं वेगळी होती. बारीक, फिकी, एका देठावर जास्त. मी किंचाळून सगळ्यांना बोलावलं. अब्बांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रत्नागिरीच्या माणसाला कलम समजावून सांगावं लागत नाही.

'हा खालचा आहे,' ते म्हणाले. 'खुंटाचा. कलमाच्या वरचं मेलं. हापूस गेला आणि रायवळ फुटला.' खोटं बोलून त्यांना 'झाड जगलं' म्हणता आलं असतं. आम्ही राहावं असं त्यांनाही वाटत होतं. पण माणूस मालाच्या बाबतीत सरळ होता.

अम्मा हात पुसत बाहेर आली. तिनं कोंबाकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं.

'मूळ कुनाचं?'

'मूळ तेच.'

'मी लावलेलं?'

'हो.'

'मग? पैज झाडाची व्हती, फुलाच्या रंगाची नाय. तुमचं थंडीचं होतं ते गेलं. हितं राहनारं होतं ते राहिलं. आनि रायवळ आंबा म्हंजे काय आंबा नाय?'

अब्बा ड्युटीवर गेले. आज मी लोकांना सांगते की कलमाखालचा फुटवा दिसला की खुडून टाका, तो वरच्याचं अन्न खातो. आणि सांगताना दर वेळी माझी जीभ जरा अडखळते.

त्या शुक्रवारी अब्बा जुम्म्याहून आले, जेवले, आणि आडवे न होता खुर्ची ओढून कपाटाजवळ उभे राहिले. बॅगा जमिनीवर होत्या, अर्ध्या भरलेल्या. वर उरलं होतं ते टीव्हीचं खोकं. ते त्यांनी खाली उतरवलं. थर्माकोल काढून कचऱ्याच्या पिशवीत भरला. मासळी कापायची सुरी आणली आणि खोकं चारी कोपऱ्यांत उभं चिरलं. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. अब्बा ते जाड पुठ्ठे घेऊन अंगणात गेले, कोंबासाठी मधे गोल कापला, आणि बुंध्याभोवती थरावर थर अंथरले.

'जमीन तापते ना, म्हणून,' ते कुणालाच उद्देशून म्हणाले. 'पुठ्ठ्याखाली गारवा राहील. कोल्ड स्टोअरमध्ये पण आम्ही हेच करतो. पाणी ओत, जुबी.'

मी बादली ओतली. पुठ्ठा भिजून काळा झाला आणि वाळूला चिकटला. आता तो उचलला असता तरी त्याचं खोकं परत झालं नसतं.

'बरं केलंत,' अम्मा दारातून म्हणाली. 'आता बर्फ नका आनू परत.'

अब्बांनी झटकन माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

'मांजरं काय फुलं खायला येत व्हती?' अम्मा म्हणाली, आणि बॅगेतली भांडी काढायला आत गेली.